करेज्ममध्ये काय सोडलं, आणि ते कुणाला पोचलं?

बार्देसची सून
सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६

परवा राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या आमच्या चाळीस दिवसांच्या उपवासाची सुरुवात. यंदा सगळं एकाच आठवड्यात आलंय. काल महाशिवरात्र झाली, शेजारची मंडळी हरवळ्याच्या रुद्रेश्वराला जाऊन आली. उद्या कार्निव्हलचा शेवटचा दिवस, बुधवारी आमच्या कपाळावर राख, आणि लगोलग रमझानचे रोजे. एकाच वाड्यावर तीन धर्मांचे उपवास असे हातात हात घालून येतात तेव्हा मला फार बरं वाटतं.

माझं माहेर वसईचं, सासर बार्देसचं. वसईत आम्ही या दिवसांना उपवासकाळ म्हणायचो, इथे घरात करेज्म म्हणतात. ऑफिसातल्या मराठी मैत्रिणी दर वर्षी विचारतात, "मग आता चाळीस दिवस चिकन बंद?" आपुलकीनेच विचारतात, पण एका वाक्यात उत्तर दिलं की आमच्या उपवासाचं अर्धंच चित्र त्यांच्यापर्यंत जातं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी नियम, कारण ते थोडकेच आहेत. कॅथलिकांना सक्तीचा उपवास फक्त दोन दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. एकदा पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं. हा नियम वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत. हे दोन दिवस आणि करेज्मचे सगळे शुक्रवार मांस वर्ज्य, ते मात्र वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून आणि म्हातारपणीही. मासे चालतात. आजारी माणसं, गरोदर बाया यांना सूट आहे.

बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलं तर ४६ दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वगळायचे, कारण रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास नाही. उरले चाळीस. येशू अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिला, त्याच्याआधी मोशे सिनाय पर्वतावर राहिला, एलिया संदेष्टा तेवढेच दिवस होरेब पर्वताकडे चालत गेला. इ.स. ३२५च्या निकिया धर्मपरिषदेच्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख येतो, म्हणजे प्रथा तेव्हाच रुळलेली होती. पुढची कित्येक शतकं उपवास फार कडक होता. दिवसात एकच जेवण, तेही संध्याकाळी. मांस नाही, अंडी नाहीत, दूधदुभतंसुद्धा नाही. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी नियम सैल केले आणि बरंचसं देशोदेशीच्या बिशपांवर आणि ज्याच्या त्याच्या मनावर सोपवलं.

गोव्यातल्या जुन्या घरांनी ही सवलत फारशी घेतली नाही. आमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात करेज्मभर मांस शिजत नाही. चोरीस, सोरपोतेल असं डुकराचं जे काही असेल ते मंगळवारी रात्री संपतं. या दिवसांत लग्नाची तारीख धरायची नाही, घरात वाजंत्री नाही. गुड फ्रायडेला पेज आणि मिठातली तोरां, म्हणजे कैऱ्या. हे सगळं मला मनापासून आवडतं, मुलांनाही मी तसंच वळण लावते आहे.

पण माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. राखेच्या बुधवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, दर वर्षी एकच शुभवर्तमान वाचतात, बायबलमधल्या मत्तयचा सहावा अध्याय. येशू तिथे तीन गोष्टी सांगतो. आधी दान, मग प्रार्थना, शेवटी उपवास. आम्ही मात्र चर्चच्या पायऱ्या उतरता उतरता एकमेकांना विचारतो, "तू काय सोडलंस यंदा?" "तू काय दिलंस?" असं विचारताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याचा ५८वा अध्याय वाचला जातो. लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास केला, तू पाहिलंही नाहीस. देव सांगतो, उपासाच्या दिवशीही तुम्ही तुमच्या मजुरांना पिळून घेता. मला आवडणारा उपास म्हणजे अन्यायाच्या बेड्या सोडणं, आपल्या भाकरीतला वाटा भुकेल्याला देणं, निराश्रिताला घरात घेणं. हे ऐकताना मला आमच्याच रस्त्यावरचं बांधकाम दिसतं. स्विमिंग पूलवाले फ्लॅट उभे राहतायत आणि ते बांधणारी कुटुंबं शेजारी पत्र्याच्या खोपटांत राहतायत, पाण्याला एक नळ. मी शुक्रवारी चिकन खाल्लं नाही याने त्या बाईच्या चुलीवर काय फरक पडला?

पाचव्या शतकातल्या थोर पोप लिओंची या काळातली प्रवचनं आजही वाचायला मिळतात. आपल्या ताटातून काढलेलं गरिबाच्या ताटात गेलं पाहिजे, हे ते पुन्हा पुन्हा सांगतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजात तेच म्हटलंय: या दिवसांतलं प्रायश्चित्त आतलं आणि एकेकट्याचं एवढंच नको, बाहेरचं आणि सामाजिकही हवं.

आमच्या घरी मांसाचे वाचलेले पैसे एका डब्यात पडतात. डबा ओट्यावर समोरच असतो, मुलंही त्यात टाकतात. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात त्यातले काही पैसे आमच्या चर्चमार्फत कारितास या कॅथलिक मदतसंस्थेला जातात (कारितास इंडिया दर वर्षी करेज्ममध्ये भूक आणि आजारांविरुद्ध मोहीम चालवते), काही वाड्यावरच्याच कुणाच्या औषधपाण्याला. रक्कम मोठी नसते. आज आपण जे खाल्लं नाही ते दुसरं कुणीतरी खाणार आहे, एवढं मुलांना कळावं अशी माझी इच्छा आहे. ते होत नसेल तर आपण फक्त जेवणाचा बेत बदलला असं मी समजते.

तुमच्या घरी कसं करतात? आणि जे ख्रिस्ती नाहीत, त्यांना बाहेरून हे कसं दिसतं तेही लिहा.

पेडण्याचा मास्तर
सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६

ताई, वाचून बरं वाटलं. मी हिंदू, शाळेत मराठी शिकवतो. दोन शंका आहेत, रागावू नका.

तुम्ही ज्या मत्तयच्या सहाव्या अध्यायाचा उल्लेख केलात तो मी वाचलाय. उपवास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका, गुप्तपणे करा, असंच त्यात आहे ना? मग ज्या दिवशी हे वाचतात नेमक्या त्याच दिवशी कपाळावर सगळ्यांना दिसेल अशी राख का?

दुसरी शंका. आमच्याकडे एकादशी, सोळा सोमवार, चातुर्मासातले नेम यांच्यामागे पुण्याची कल्पना असते, नवस असतो, संकल्प असतो. तुमच्या चाळीस दिवसांतून भक्ताला काय मिळतं?

आणि मराठीचा शिक्षक म्हणून एक नोंद करतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, तेही ओवीत. त्याच्या दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचं चरित्र, दुःखसहन आणि मरण आहे. करेज्मचा गाभा या भूमीत चारशे वर्षांपूर्वी मराठी ओवीत सांगितला गेला, हे आपल्याच मुलांना सांगावं लागतं.

सासष्टीकार
मंगळवार, १७ फेब्रुवारी २०२६

नमस्कार. मी सासष्टीचा कॅथलिक, मराठी शाळेत शिकलो म्हणून इथे लिहितो.

बाई, तुमचा डबा चांगला आहे, पण तुम्ही करेज्मला समाजसेवेचा महिना करताय असं मला वाटतं. दान रोटरी क्लबही करतो. करेज्म आधी ख्रिस्ताच्या दुःखसहनाजवळ बसण्यासाठी आहे. आमच्या आईवडिलांना यशया तोंडपाठ नव्हता. क्रूस मात्र त्यांना कळत होता.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. करेज्मच्या रविवारी आमच्या गावांत सांतुस पासुस, म्हणजे जेजूच्या (येशूच्या) दुःखसहनाचे देखावे होतात. चर्चमध्ये पडदा लावलेला असतो, पडद्यामागून क्रूस वाहणाऱ्या जेजूची मूर्ती दिसते, त्या त्या प्रसंगावर शेर्मांव (प्रवचन) होतो, मग मिरवणूक निघते. वाटेत दुःखी मातेची मूर्ती समोरून येते, आई आणि मुलाची भेट होते. वेरोनिका झालेली मुलगी जेजूचा चेहरा उमटलेलं वस्त्र उलगडत गाते. आणि मोतेत, ती अनेक आवाजांतली भक्तिगीतं! व्हायोलिन, क्लॅरिनेट, कोंत्राबाशाच्या साथीने लॅटिनमधले मोतेत आमच्या गोंयकार मेस्तांनी (संगीतगुरूंनी) रचले, पिढ्यान्‌पिढ्या हाताने उतरवून ठेवले. ते पहिले सूर उठले की माझा बाप टोपी काढून उभा राहायचा आणि संपेपर्यंत हलायचा नाही. 'रिग्लो जेजू मळ्यांत' हे अठराव्या शतकातल्या जोआकीं द मिरांदांचं कोंकणी गीतही याच दिवसांत म्हणतात. जेजूला पकडलं त्या रात्रीचं, गेत्सेमनीच्या बागेतलं आहे ते.

गुड फ्रायडेच्या आदल्या पवित्र गुरुवारी ग्लोरिया हे स्तुतिगीत झालं की घंटा बंद होतात, त्या थेट पास्काजागरणात, ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत वाजतात. मधल्या वेळात लाकडी मात्राक फिरवतात. लहानपणी त्या खडखडाटाने माझ्या अंगावर काटा यायचा. गुड फ्रायडेला मिस्सा नाही. क्रुसावरून मेलेल्या जेजूची मूर्ती उतरवतात, तिला घेऊन मिरवणूक निघते आणि अख्खा गाव मागून चालतो.

हे सगळं बाजूला ठेवून पैसे मोजत बसलो तर पुढच्या पिढीला करेज्म म्हणजे वर्गणी वाटेल. मांस सोडणंही मला क्षुल्लक वाटत नाही. शरीराला थोडं दुखलं पाहिजे. त्याशिवाय मनाला आठवण राहत नाही.

बार्देसची सून
मंगळवार, १७ फेब्रुवारी २०२६

सासष्टीकार सर, मोतेत ऐकताना माझेही डोळे भरतात, आणि ते इतक्या लोकांसमोर लिहिल्याबद्दल तुमचे आभार. ते बाजूला ठेवावं असं मी म्हणणार नाही. माझा प्रश्न मिरवणूक संपल्यानंतरचा आहे. वेरोनिकाने काय केलं? घाम आणि रक्त पाहून ती रडत उभी राहिली नाही, पुढे झाली आणि तोंड पुसलं. आम्ही ते वस्त्र उलगडताना बघतो तेव्हा तेवढं तरी आमच्याकडून मागितलं जातंय असं मला वाटतं. मत्तयच्या २५व्या अध्यायात येशूच सांगतो की भुकेल्याला दिलंत ते मला दिलंत. म्हणजे त्याच्या दुःखाजवळ बसायची जागा चर्चच्या बाहेरही आहे.

मास्तर, तुमच्या पहिल्या शंकेवर प्रवचनांत बोललं जातं. राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची (ईस्टरच्या आदल्या रविवारची) आशीर्वादित झावळी जाळून करतात. ती लावताना धर्मगुरू म्हणतात की माणसा, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. किंवा पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा. येशूने मना केलंय ते धार्मिकपणाच्या प्रदर्शनाला. राख सांगते की मी पापी आहे आणि मरणार आहे. त्यात मिरवण्यासारखं काही नाही, आणि ती लावून घेणाऱ्यांच्या रांगेत डॉक्टर, कामवाली, पंच सगळे एकामागोमाग उभे असतात. रोममध्ये ती कपाळाला न लावता डोक्यावर भुरभुरतात, तिथे ती दिसतही नाही. तरीही ती कपाळावर मिरवावीशी वाटली तर धोका आहेच. म्हणून ते वाचन त्याच दिवशी ठेवलंय असं मी मानते.

दुसरी शंका मोठी आहे. आमच्या श्रद्धेनुसार उपवास करून देवाकडून काही विकत घेता येत नाही. कृपा आधीच दिलेली आहे, क्रुसावर. उपवास ती घ्यायला हात मोकळे करतो. प्राचीन ख्रिस्तसभेत पास्काच्या रात्री ज्यांचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) व्हायचा, ते आधीचे आठवडे उपवास, प्रार्थना आणि शिकवण यांत घालवायचे, आणि बाकीची मंडळी त्यांच्याबरोबर उपवास करायची. यंदा करेज्मच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी जी वाचनं आहेत (विहिरीवरची शोमरोनी बाई, दृष्टी मिळालेला जन्मांध, मरणातून उठवलेला लाजर) ती त्याच तयारीतली. पाणी, प्रकाश, जीवन. म्हणजे मिळतं काय असं विचाराल तर नव्याने सुरुवात करायची संधी मिळते, आणि ती फुकट आहे.

वास्कोचा नगरकर
बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

आमचं घराणं अहिल्यानगरचं, अमेरिकन मराठी मिशनच्या प्रोटेस्टंट परंपरेतलं. नारायण वामन टिळकांची भजनं ऐकत वाढलो. नोकरीमुळे वास्कोत आहे.

आमच्या घरी राख नव्हती, मांसाचा नियम नव्हता. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना, क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जणांची मनन, आणि घरी आल्यावर साधं जेवण. बायबलमध्ये चाळीस दिवस पाळा अशी आज्ञा कुठेच नाही, असं आमचे पाळक सांगायचे. ते खरंच आहे. १५२२ साली झुरिकमध्ये तर प्रोटेस्टंट सुधारणेची ठिणगीच या उपवासावरून पडली. छापखान्याचे मालक फ्रोशाउअर यांच्या घरी उपवासकाळात सॉसेज खाल्ली गेली, धर्मसुधारक झ्विंग्ली तिथे हजर होते, आणि त्यांनी पुढे प्रवचन करून सांगितलं की खाण्याच्या बाबतीत ख्रिस्ती माणूस मोकळा आहे.

ही मोकळीक मला प्रिय आहे. पण गोव्यात राहून एक दिसलं. मोकळीक असूनही आम्ही त्या मोकळ्या हातांनी फारसं काही करत नव्हतो. शेजारच्या कॅथलिक काकूंच्या घरी शुक्रवारी खुर्साची वाट म्हणायला वाडा जमतो, येशूच्या क्रूसयात्रेची चौदा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकून. आता मीही जातो. रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात पौल म्हणतो की जो खातो तो प्रभूसाठी खातो आणि जो खात नाही तोही प्रभूसाठीच खात नाही. एकाने दुसऱ्याला तुच्छ मानू नये, एवढंच तिथे बजावलंय.

पर्वरीची रात्रपाळी
बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

मी नर्स आहे. दर वर्षी या दिवशी संध्याकाळी साखर उतरलेल्या आज्या वॉर्डात येतात, म्हणून कळकळीने सांगते: मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहू नका. नियमातच तुम्हाला सूट आहे, वर धाग्यात लिहिलंय. तुमचे फादरही तेच सांगतील, विचारून बघा.

माझ्या बरोबरीच्या मल्याळी मैत्रिणी सिरो-मलबार, म्हणजे केरळच्या पूर्वेकडच्या परंपरेतल्या कॅथलिक आहेत. त्यांचा मोठा उपवास पन्नास दिवसांचा, सुरू होतो सोमवारी, राखही सोमवारीच लावतात. मांस, मासे, अंडी, दूध यांतलं काही जणी काहीच घेत नाहीत, आणि वर बारा तासांची ड्युटी करतात. त्यांच्यातली एक जण मला म्हणाली की पोट रिकामं असलं की पेशंटची हाक लवकर ऐकू येते. मी हिंदू आहे, पण हे मला पटलं.

तिस्वाडीची पोर
बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

कॉलेजमध्ये आमच्यातले बरेच जण इन्स्टा सोडतात. मीही सोडते. पण ताईंचा प्रश्न वाचून विचार केला, की वाचलेला वेळ जातो कुठे? माझा तरी झोपण्यात आणि सिरीज बघण्यात गेला होता.

यंदा संध्याकाळचा एक तास आमच्या इमारतीच्या वॉचमनच्या मुलीला गणित शिकवायचं ठरवलंय. ती नेपाळची आहे, शाळेत मराठी-कोंकणी दोन्ही तिला नवीन.

आणि सांकवाळच्या पायी यात्रेबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? गोव्यातल्या सगळ्या भागांतून लोक चालत संत जुझे वाझांच्या तीर्थाला येतात. पहाटे अंधारात टॉर्च घेऊन रोझरी म्हणत चालताना रस्त्यावर दारोदार लोक पाणी, लिंबू सरबत घेऊन उभे असतात, त्यांत हिंदू घरंही असतात. जुझे वाझ १६५१ साली बाणावलीत जन्मले, सांकवाळ त्यांच्या वडिलांचं गाव. श्रीलंकेत डच सत्तेने कॅथलिकांवर बंदी घातली होती तेव्हा हे मजुराच्या वेषात तिथे गेले. १६९७मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळत होते, आणि हे त्यांची शुश्रूषा करत राहिले. २०१५ला कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. सासष्टीकार अंकल, मला वाटतं तुम्ही आणि ताई दोघं जे म्हणताय ते त्यांच्यात एकत्र होतं.

सासष्टीकार
गुरुवार, १९ फेब्रुवारी २०२६

बाय, बरोबर बोललीस. वेरोनिकाचा मुद्दाही मी रात्रभर मनात घोळवला. तरी माझं एक म्हणणं सोडत नाही: क्रुसासमोर न बसता थेट कामाला लागलेली माणसं लवकर थकतात किंवा स्वतःवर खूश होतात. जुझे वाझ तासन्‌तास प्रार्थनेत असायचे. ते आधी.

मास्तर, तुम्हाला पाहायचं असेल तर गोंय वेल्ह्याला या. सांत आंद्रेच्या चर्चमधून करेज्मच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी, म्हणजे यंदा २३ मार्चला, संतांची मिरवणूक निघते. फ्रान्सिस्कन पाद्रींनी सुरू केलेली जुनी परंपरा आहे. तिसऱ्या संघाच्या, म्हणजे संसारात राहून फ्रान्सिस्कन व्रत पाळणाऱ्यांच्या संघाच्या, संतांच्या मूर्ती खांद्यांवरून एकामागून एक जातात. यांतले बरेच संत संसारी होते, कुणी राजे, कुणी राण्या. फेस्ताला हाताने विणलेले पंखे विकायला येतात, एक घेऊन जा, तोपर्यंत उन्हाळा वाढलेला असेल. कुणी काही विचारणार नाही. पायांत साधी चप्पल चालेल, फक्त मूर्ती जाताना उभे राहा.

पेडण्याचा मास्तर
गुरुवार, १९ फेब्रुवारी २०२६

नक्की येईन, आठवी-नववीच्या काही मुलांनाही आणतो. ताई, "फुकट आहे" हे उत्तर अजून मनात फिरतंय. आमच्या वारकरी संतांनीही नामाला मोल नाही असंच सांगितलं, ते आठवलं.

सावली
गुरुवार, १९ फेब्रुवारी २०२६

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. धाग्याचं नाव बघून राहवलं नाही.

माझा नवरा दर करेज्मला दारू सोडतो. लग्न झाल्यापासून कधी चुकवलं नाही. कार्निव्हलच्या मंगळवारी शेवटची, मग बुधवारी सकाळी राख घेऊन येतो आणि बाटल्या स्वतः बाहेर ठेवतो. पुढचे दिवस आमच्या घरात वेगळेच असतात. तो संध्याकाळी घरी असतो, मुलगा त्याच्या शेजारी बसून अभ्यास करतो, मी रात्री गेटच्या आवाजाकडे कान लावून बसत नाही. पगार पूर्ण घरात येतो.

ईस्टरला मिस्सेहून आल्यावर दुपारी पुन्हा सुरू होतं. मी काही बोलले तर म्हणतो, मी चाळीस दिवस सोडून दाखवतो, म्हणजे मला व्यसन नाही. देवाला दिलेला शब्द मी पाळला.

त्याने सोडलेलं आम्हाला पोचतं, पण ईस्टरपर्यंतच. मुलगा मागच्या वर्षी म्हणाला, मम्मा, करेज्म संपूच नये. ईस्टर यावा असं आमच्या घरात कुणाला वाटत नाही. हे पाप आहे का?

पर्वरीची रात्रपाळी
गुरुवार, १९ फेब्रुवारी २०२६

सावली, आधी तब्येतीचं विचारते. रोज बरीच पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, झोप न येणं, कधी फिट किंवा भ्रम होऊ शकतो. तसं काही दिसलं तर वाट न बघता हॉस्पिटलात न्या, हे जिवावर बेतू शकतं. आणि चाळीस दिवस राहता येतं म्हणून व्यसन नाही, असं नसतं. बांबोळीच्या मनोरुग्णालयात, आयपीएचबीत, व्यसनाचे उपचार होतात. तिथे आलेल्या माणसाकडे कुणी वाकड्या नजरेने बघत नाही.

बार्देसची सून
गुरुवार, १९ फेब्रुवारी २०२६

सावली, पाप नाही. तुझ्या मुलाने जे मागितलं तेच करेज्म मागतो. वडिलांनी परत यावं आणि परत आलेलेच राहावं.

तुझ्या नवऱ्याला एक गोष्ट सांगता आली तर सांग, किंवा तुमच्या फादरना सांगायला लाव. पास्काजागरणात हातात मेणबत्ती घेऊन आपण सगळे स्नानसंस्काराची वचनं पुन्हा देतो. सैतानाचा, त्याच्या कृत्यांचा त्याग करता का, असं विचारतात आणि आपण "करतो" म्हणतो. चाळीस दिवसांची सगळी वाट त्या एका "करतो"पर्यंत पोचण्यासाठी आहे. ते म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मागे फिरायचं असेल तर दिलेला शब्द पाळला असं म्हणता येत नाही. ईस्टरनंतर पेन्टेकॉस्टपर्यंत पन्नास दिवस आनंदाचा काळ चालतो, करेज्मपेक्षाही मोठा. तो आनंद तुझ्या घराच्याही वाट्याला यायला हवा, आणि त्याने सोडलेल्या दारूवर पहिला हक्क तुझा आणि मुलाचा आहे. देव तो हिस्सा स्वतःकडे ठेवून घेत नाही. यशयाच्या त्याच अध्यायात आहे, आपल्या रक्तामांसाच्या माणसांना तोंड लपवू नकोस.

पण हे ऐकवून दारू सुटेल असं मी म्हणत नाही. नर्सताईंनी सांगितलंय ते आधी करा.

सासष्टीकार
शुक्रवार, २० फेब्रुवारी २०२६

सावलीबाई, माझा धाकटा भाऊ असाच होता. दर करेज्मला सोडायचा, दर ईस्टरला धरायचा. त्याला ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) बैठकीने उभं केलं. गोव्यात ठिकठिकाणी बैठका होतात, कितीतरी चर्च आणि शाळांच्या खोल्यांत, कोंकणीतही. पैसे लागत नाहीत, पूर्ण नाव विचारत नाहीत. आत्ता तो पीत नाहीये, डोकं शांत आहे, तर विचारायला हेच दिवस चांगले. ईस्टरची वाट बघू नका. तुम्ही मडगावच्या बाजूला असाल तर मला खाजगी निरोप पाठवा, भाऊ स्वतः येऊन त्याला घेऊन जाईल. माणूस माणसाबरोबर जातो, पत्त्यावर जात नाही.

सावली
शुक्रवार, २० फेब्रुवारी २०२६

निरोप पाठवलाय. काल रात्री हात थरथरत नव्हते, जेवला नीट. तुमच्या भावाबद्दल त्याला सांगितलं. काही बोलला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. तो नाही आला तर मी एकटी येऊ का?

सासष्टीकार
शुक्रवार, २० फेब्रुवारी २०२६

या. घरच्यांसाठीही वेगळी बैठक असते, माझी भावजय जाते त्या बैठकीला. तिचा नंबर तुम्हाला निरोपात दिलाय, आज दुपारनंतर फोन करा. मुलाला सोबत आणायचं असेल तर आमच्या घरी ठेवा, माझी नातवंडं आहेत.